पांढरा ससा, तपकिरी पाचोळा

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. पर्यावरण दिन जवळ आला होता आणि एचआरची नेहमीची मेल आली. प्रत्येक टीमने एक पोस्टर करायचं, विषय हवामानबदल, बक्षीस म्हणून कॅफेटेरियाची कुपनं. आमच्या टीममध्ये फोटोशॉप उघडता येणारा प्राणी मी एकटाच (उघडता येणारा, वापरता येणारा नव्हे), त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. रात्री साडेअकराला बसलो, गूगलवर 'हिमबिबट्या' शोधलं, आणि पहिल्या दहा मिनिटांत असा एक फोटो सापडला की बस्स! मागे एव्हरेस्टच्या परिसरातली बर्फाची शिखरं, संध्याकाळचा उजेड, आणि पुढे कड्यावर हिमबिबट्या अगदी कॅलेंडरसाठी पोज दिल्यासारखा उभा. खाली मोठ्या अक्षरांत ओळ टाकली, 'याचं घर वितळतंय'. झोपायला गेलो.

पोस्टर सगळ्यांना आवडलं. एकाला सोडून. आमच्या टीममध्ये एकजण आहे, त्याला आपण शंकेखोर म्हणू. टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे स्वभावाला औषध नाही. तो पोस्टरसमोर दोन मिनिटं उभा राहिला, मग जागेवर जाऊन काहीतरी शोधलं आणि मला लिंक पाठवली. २०२२ च्या अखेरीला त्या मालिकेतले फोटो जगभर फिरले होते, मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी छापले होते, आणि नंतर फ्रान्समधल्या 'अल्पाइन मॅग'ने ते वेगवेगळ्या फोटोंचे तुकडे जोडून बनवलेले आहेत हे दाखवून दिलं होतं. म्हणजे मी पोस्टर केलं त्याच्या कित्येक महिने आधीच हे उघड झालेलं. मी एवढंसुद्धा तपासलं नव्हतं.

त्याने लिंक पाठवली याचं मला काही वाटलं नाही. पण जेवताना तो सहज म्हणाला, "अरे, हे सगळं असंच असतं. फोटोपण आणि ते क्लायमेट चेंजपण." टेबलावर आठजण होते. त्यातले चारपाच हसले. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या क्षणी तरी खोटं पोस्टर लावणारा मीच होतो.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. डोंगरात उंचावर राहणाऱ्या प्राण्यांवर हवामानबदलाचा परिणाम होतोय हे चित्रातून सांगायचं असेल तर कसं सांगायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा शनिवार वाया जायला नको. मला वाटतं, आपण डेमो दाखवतोय आणि दाखवायला हवा लॉग.

डेमो म्हणजे काय ते आयटीतल्या लोकांना सांगायला नको. क्लायंटसमोर सगळं गुळगुळीत चालतं, बटण दाबलं की रिपोर्ट येतो, कारण तो रिपोर्ट आधीच बनवून ठेवलेला असतो. लॉग म्हणजे रात्री तीन वाजता सर्व्हरने लिहून ठेवलेल्या कंटाळवाण्या ओळी. डेमोवर ऑर्डर मिळते हे खरं, पण प्रॉडक्शन बसल्यावर सगळे लॉगच मागतात.

डेमोचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण डोंगरातलं नाही, आर्क्टिकमधलं आहे, पण ते घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१७ साली कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका बेटावर पॉल निकलेन आणि क्रिस्टिना मिटरमायर यांच्या चमूने हाडांचा सापळा झालेल्या ध्रुवीय अस्वलाचं चित्रण केलं. तुम्हीही बघितलं असेल, अस्वल पाय ओढत चालतंय, गंजक्या पिंपात अन्न शोधतंय. अस्वल खरं होतं, उपासमार खरी होती. पण ते अस्वल *हवामानबदलामुळेच* उपाशी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आजारी असेल, जखमी असेल, म्हातारं असेल. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने तो व्हिडिओ हवामानबदलाचं तोंड म्हणून दाखवला, आणि २०१८ मध्ये आपण जरा जास्तच पुढे गेलो अशी कबुली त्यांना द्यावी लागली. मिटरमायर यांनी स्वतः त्यावर प्रामाणिक लेख लिहिला. पण कबुली कोण फॉरवर्ड करतं? त्या एका अस्वलाचा दाखला देऊन 'बघा, सगळं थोतांड' म्हणणारे मला आजही भेटतात. समुद्रावरचा बर्फ कमी होतोय आणि अस्वलांची शिकार त्या बर्फावर अवलंबून आहे, हे त्या व्हिडिओच्या आधीही खरं होतं आणि नंतरही. तरी बिचाऱ्या सत्याला एका कॅप्शनचं कर्ज फेडत बसावं लागलं.

आता लॉगकडे येतो.

उत्तर अमेरिकेच्या डोंगराळ जंगलांत स्नोशू हेअर नावाचा ससा राहतो. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढराशुभ्र. हा रंगबदल थंडी पडली म्हणून होत नाही, दिवस लहान-मोठा होतो त्यावर होतो. म्हणजे सरळ सरळ कॅलेंडरवर लावलेला क्रॉन जॉब! अमुक तारखेला फर बदलायला घ्या. जमिनीवर बर्फ आहे का, हे तपासणारा 'इफ' त्यात नाही. (वसंतात परत तपकिरी होण्याचा वेग थोडाफार मागेपुढे होतो, पण सुरुवातीची तारीख जवळजवळ पक्की.) हजारो वर्षं हा प्रोग्रॅम बिनचूक चालला कारण बर्फही वेळेवर यायचा. आता बर्फ उशिरा येतो आणि लवकर जातो. मग काय होतं? तपकिरी पाचोळ्यात एक पांढरा ससा अगदी निवांत बसलेला असतो. त्याला वाटतं आपण दिसत नाही. जंगलातल्या प्रत्येक लिंक्सला, कायोटीला आणि घुबडाला मात्र तो ट्यूबलाइटसारखा दिसतो.

हे चित्र शोधून बघा. त्यात एकही हाड दिसत नाही, रक्त नाही, वितळती हिमनदी नाही. गुबगुबीत ससा आहे, मजेत आहे. तरी मला ते उपाशी अस्वलापेक्षा जास्त अस्वस्थ करतं, कारण काय चुकलंय ते त्या चौकटीतच दिसतं. बाहेरून कॅप्शन आणावी लागत नाही.

आणि या चित्रामागे हिशोब आहे. मोंटाना विद्यापीठाचे स्कॉट मिल्स आणि त्यांचे सहकारी सशांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून आठवड्या-आठवड्याला त्यांच्या मागावर जात. ससा किती टक्के पांढरा आहे आणि त्याच्या भोवतालच्या जमिनीवर किती टक्के बर्फ आहे, ही नोंद करायची. दोन्हींत साठ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर तो ससा 'न जुळणारा'. वर्षानुवर्षं हेच. मार्केटा झिमोव्हा यांच्यासोबतच्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं की पूर्ण न जुळणाऱ्या सशाची आठवडाभर जगण्याची शक्यता सात टक्क्यांपर्यंत कमी होते. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण हे दर आठवड्याचं आहे हो! चक्रवाढ व्याजाचं कोष्टक ईएमआय भरणाऱ्याला मी काय सांगणार.

त्याच झिमोव्हा यांनी पुढे स्कॉटलंडमधल्या डोंगरी सशांचा हिशोब मांडला. तिथे १९५० च्या दशकापासूनच्या नोंदी होत्या. तेवढ्या काळात बर्फाचे दिवस वर्षाला सुमारे ३७ ने कमी झाले, पण सशांनी आपलं वेळापत्रक हलवलं नाही. परिणामी ससा उगाचच पांढरा राहण्याचे दिवस वर्षाला साधारण ३५ ने वाढले. महिनाभराहून जास्त काळ चुकीचे कपडे घालून बाहेर.

इथे मला थांबून एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मीही डेमोच देतोय असं होईल. स्कॉटलंडमध्ये याचा सशांना फार फटका बसतोय असं दिसत नाही. अभ्यासकांचा अंदाज असा की तिथे शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेल्या माळरानांवर कोल्हे वगैरे भक्षक माणसांनीच कमी करून टाकलेत, त्यामुळे ट्यूबलाइट पेटली तरी बघणारं कुणी नाही. आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, जिथे बर्फ कमी पडतो, तिथले काही स्नोशू ससे हिवाळ्यातही तपकिरीच राहतात. २०१८ मध्ये कळलं की हा गुण त्यांना दुसऱ्याच जातीच्या, काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिटच्या संकरातून फार पूर्वी मिळाला. रंग ठरवणाऱ्या एका जनुकात तो फरक आहे. म्हणजे निसर्गाने पॅच आधीच लिहून ठेवलाय, फक्त तो सगळ्या सर्व्हरवर पोचलेला नाही, आणि वेळेत पोचेल का ते सांगता येत नाही. हे पोस्टरवर बसत नाही. पण शंकेखोराला सांगायला हेच उपयोगी पडतं. आपण आपल्या सोयीचं नसलेलंही सांगतोय म्हटल्यावर समोरचा माणूस जरा ऐकतो.

लॉगचा बाप म्हणावा असा माणूस म्हणजे जोसेफ ग्रिनेल. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या प्राणिसंग्रहालयाचा (पिंजऱ्यांचा नव्हे, नमुन्यांचा) पहिला संचालक. १९१४ ते १९२० या काळात त्याने आणि त्याच्या साथीदारांनी योसेमिटीच्या डोंगररांगा पायथ्यापासून माथ्यापर्यंत पिंजून काढल्या. कुठल्या उंचीवर कोणता उंदीर, कोणती खार, कोणता चिचुंदरा. नोंदवह्या भरल्या, नकाशांवर खुणा केल्या, जागांचे फोटो काढले, नमुने जपले. याची खरी किंमत कदाचित शंभर वर्षांनी कळेल, असं तो तेव्हाच म्हणून गेला होता. आमच्याकडे पुढच्या स्प्रिंटचं डॉक्युमेंटेशन कुणी लिहीत नाही!

२००३ ते २००६ मध्ये बर्कलीचेच लोक त्या वह्या घेऊन त्याच जागांवर परत गेले. तेवढ्या काळात तिथलं किमान तापमान सुमारे ३ अंशांनी वाढलं होतं. २८ छोट्या सस्तन प्राण्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची हद्द वर सरकली होती, सरासरी ५०० मीटर. अल्पाइन चिपमंक नावाची एक पट्टेदार खारीसारखी चिमुकली जात आहे, तिची खालची हद्द सुमारे ६३० मीटर वर गेली. सिंहगड आतकरवाडीकडून चढणाऱ्यांनी ती चढण आठवावी, जवळपास तेवढं. एखाद्या खारीने नाही, अख्ख्या जातीने तेवढं वर घर हलवलंय. आणि डोंगर वर निमुळता होत जातो, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर जागा कमी. पुढे २०१२ मध्ये जुन्या नमुन्यांतला आणि आजच्या चिपमंकचा डीएनए ताडून पाहिला, तर जनुकीय विविधता घटलेली आणि टोळ्या एकमेकींपासून तुटलेल्या निघाल्या. ग्रिनेलने कातडी जपून ठेवली नसती तर हे कळण्याचा मार्गच नव्हता.

याचा फोटो कसा काढणार? जो प्राणी तिथे *नाही*, त्याचा? दोन फोटो लागतात, शंभर वर्षांच्या अंतराने, त्याच दगडावर उभं राहून काढलेले, आणि दुसऱ्यात काहीतरी कमी. इन्स्टाग्रामवर याला किती लाइक मिळतील ते मी सांगत नाही.

काही गोष्टी तर दोन फोटोंतही दिसत नाहीत. इटलीतल्या आल्प्समध्ये शामवा नावाची डोंगरी बकरी असते, साधारण आपल्या हिमालयातल्या गोरलची नातेवाईक. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या तरुण शामवांचं वजन १९८० च्या दशकातल्यांपेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने कमी भरतं. ही आकडेवारी शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांच्या वजनांतून आली, म्हणजे लॉग कुठून मिळेल सांगता येत नाही. उकाडा वाढल्यामुळे चरण्यापेक्षा बसून राहण्यात त्यांचा जास्त वेळ जात असावा, शिवाय कळपांची दाटीही वाढलीय, असा अभ्यासकांचा तर्क. अशा हलक्या शामवाचा फोटो काढला तर तो शामवाचा फोटो दिसेल, बस्स.

अशा वेळी मला जिल पेल्टो या अमेरिकन चित्रकर्तीचं काम आठवतं. तिचे वडील मॉरी पेल्टो हिमनद्यांचे अभ्यासक, १९८४ पासून दरवर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थ कॅस्केड्सच्या हिमनद्या मोजतायत. ही मुलगी त्यांच्यासोबत जाऊन मोजमापात हातभार लावते आणि मग त्याच आकड्यांच्या आलेखाची रेघ घेऊन जलरंगात चित्र करते. दुरून डोंगराचा उतार दिसतो, जवळ गेल्यावर तो हिमनदीच्या घटत्या वस्तुमानाचा ग्राफ असतो. एका चित्रात आर्क्टिक कोल्हे दाटीवाटीने बसलेत आणि त्यांच्याभोवतीचा बर्फ समुद्री बर्फाच्या घटत्या आकडेवारीनुसार आक्रसत गेलाय. २०२० च्या जुलैमध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर तिचं चित्र आलं होतं. एक्सेलमध्ये आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्याला ग्राफकडे बघून गलबलून येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण आलं. आणि यात फसवणूक नाही, कारण हे चित्र आहे असं ते चित्र स्वतःच सांगतं.

ताईला (ती डिझायनर आहे) हे सगळं फोनवर ऐकवलं तर ती म्हणाली, "तू ना, इंजिनियर आहेस. लोक आधी रडतात, मग वाचतात. तुझा लॉग बघायला कोण थांबणार?" बरोबर आहे तिचं, अर्धं. मीसुद्धा रात्री साडेअकराला ग्रिनेलची वही शोधली नव्हती, सुंदर मांजर शोधलं होतं. भावनेला हात घातल्याशिवाय कुणी मान वर करत नाही हे मला मान्य. माझं भांडण फक्त इतकंच, की ज्या फोटोखाली जागा, महिना आणि वर्ष लिहिलेलं नाही, त्याने मला रडवू नये. आणि एका प्राण्याची गोष्ट असेल तर एका प्राण्याची म्हणा, सगळ्या जातीची असेल तर तसं म्हणा. आजकाल दोन ओळी टाइप केल्या की यंत्र हवा तसा हिमबिबट्या काढून देतं, तेव्हा तर हे जास्तच हवं. एक खोटा फोटो पकडला गेला की पुढचे शंभर खरे फोटो त्याच्या नावाने मार खातात. मी हे जेवणाच्या टेबलावर स्वतः बघितलंय.

आणि गंमत म्हणजे खऱ्या हिमबिबट्याचे फोटो आपल्याच देशात ढिगाने पडलेत. २०१९ ते २०२३ या काळात भारतात हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी झाली. लडाखपासून अरुणाचलपर्यंत १९७१ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले. त्यांत २४१ वेगवेगळे हिमबिबटे ओळखले गेले आणि त्यावरून देशात एकूण ७१८ असावेत असा अंदाज निघाला, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. जानेवारी २०२४ मध्ये हा आकडा जाहीर झाला. ते फोटो बघाल तर निराशा होईल. अर्धी शेपूट, उजव्या बाजूचा पुठ्ठा, कॅमेऱ्याला नाक लावून हुंगणारं धूसर तोंड, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. पोज कुणीच देत नाही. पण अंगावरचे ठिपके बोटांच्या ठशांसारखे असतात, त्यामुळे एवढ्यावरून कोण कोण आहे ते कळतं. उद्या कुठलीशी दरी रिकामी झाली तर तेही यातूनच कळेल. जंगलाची रेषा वर सरकत गेली आणि उघडं कुरण आक्रसत गेलं, तर हिमालयातला हिमबिबट्याचा सुमारे तीस टक्के अधिवास जाऊ शकतो, असा अंदाज २०१२ च्या एका अभ्यासाने मांडला होता. तो जास्त कार्बन सोडत राहण्याच्या परिस्थितीतला अंदाज आहे, आजची स्थिती नव्हे. पण तो खरा ठरतोय का हे तपासायचं तर त्या धूसर पुठ्ठ्यांशिवाय दुसरं साधन नाही.

पुढच्या वर्षी, २०२४ ला, एचआरची मेल परत आली. या वेळी मी फोटो वापरलाच नाही. साध्या पांढऱ्या कागदावर डोंगराची बाह्यरेषा काढली, खाली एक रेघ, 'अल्पाइन चिपमंक, १९१५ च्या सुमारास', तिच्या ६३० मीटर वर दुसरी रेघ, '२००५ च्या सुमारास'. कोपऱ्यात कुणी मोजलं, कुठे मोजलं ते लिहिलं. कॅफेटेरियाची कुपनं अर्थातच मार्केटिंगवाल्यांना गेली, त्यांनी पृथ्वीला ताप आलाय असं थर्मामीटरवालं चित्र केलं होतं.

शंकेखोर मात्र परत दोन मिनिटं उभा राहिला. जागेवर जाऊन शोधलं. या वेळी लिंक आली नाही. चहाच्या वेळी येऊन विचारलं, "ते बाकीचे निम्मे प्राणी का नाही सरकले रे?"